आनंदीचं मूल

सकाळचे नऊ. रत्नागिरीतल्या एका खासगी दवाखान्याची ओसरी. पूर्णगडची आनंदी पोटावर पदर ओढून, भिंतीकडे तोंड करून बसली होती. नवरा जाऊन तीन वर्षं झालेली आणि पोट वाढत चाललेलं. गावकीने तिला वाळीत टाकलं होतं. विहिरीवर पाऊल ठेवू देत नव्हते.

आमच्या साप्ताहिकाची कचेरी त्या दवाखान्याच्या माडीवर होती. बातमीसाठी मी जिना उतरायचो आणि छापता न येणारं ऐकून वर यायचो. अशा गोष्टी साठतच गेल्या.

पावसच्या एका सुनेचं डोहाळजेवण थाटात झालं होतं. अकरावा महिना लागला तेव्हा तिला दवाखान्यात आणलं. नर्स भागीरथीबाईंनी पोटाला नळी लावली. बाळाचे ठोके लागेनात. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "आमच्याकडे पोरं उशिराच येतात."

ती गाठ होती. कॅन्सरची.

देवरुखची एक बाई खोकताना रक्त टाकायची. क्षय समजून घरच्यांनी तिचं ताट वेगळं केलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, मध्यंतरी पोट पडलं होतं का? नवरा चिडला. "दुखणं छातीत, आणि तुम्ही विचारता कुठलं?"

पडलं होतं. बाळ नव्हतंच, द्राक्षांच्या घोसासारखं काहीतरी होतं. तोच रोग आता कॅन्सर होऊन फुफ्फुसात चढला होता. पण डॉक्टरांआधी तिला हे कुणी विचारलंच नव्हतं!

आनंदीच्या पोटालाही भागीरथीबाईंनी नळी लावली. ठोके नव्हते. गावकीला ऐकायची गरजच पडली नव्हती.

डॉक्टरांनी गाठ काढली. तिचा तुकडा तपासायला मुंबईला पाठवायचा होता, पण पावसाळ्यामुळे बोटी बंद. बरणी घाटमार्गाने गेली. दीड महिना उत्तर नाही. खाटेवरून आनंदी रोज भागीरथीबाईंना म्हणायची, "कागद येऊ दे गो बाय, मग मी विहिरीवर जाईन."

कागद आला. अंडाशयाचा कॅन्सर. मी तो घेऊन पूर्णगडला गेलो. पाटील म्हणाले, "हे इंग्रजीत आहे." मी मराठीत वाचून दाखवलं. त्यावर म्हणाले, "वाचणारे तुम्हीच ना?"

आनंदी कार्तिकात गेली. विहिरीवर ती पुन्हा गेलीच नाही.

पुढे मी पाटलांकडची जन्ममृत्यूची वही पाहिली. आनंदीच्या नावापुढे मरणाचं कारण लिहिलंय: बाळंतपण. त्याच वहीत जन्माची पानं आहेत. त्यांत तिचं मूल नाही. ते कुठे गेलं, असं मी मामलेदारांना तीनदा लेखी विचारलं आहे.