आबांचे पाच तास

आबा बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत कधी बघत नसत. त्यांची नजर तुमच्या टाळूच्या हातभर वर असायची. नवख्या माणसाला वाटायचं, म्हाताऱ्याला दिसत नसावं, किंवा आपण काही त्यांना आवडलेलो नाही. तो बिचारा मागे वळून बघायचा, तर मागे आभाळाखेरीज काहीच नसायचं. आबा आभाळच बघत असायचे. "तुमी बोला, मी ऐकतोय," म्हणायचे, आणि खरंच ऐकत असायचे.

ही साठच्या दशकातली गोष्ट. मी लोणावळ्याला एका गॅरेजात मेकॅनिक होतो. कामशेतच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी एक मोठा माळ होता आणि तिथे हौशी लोकांचा ग्लायडरचा क्लब होता. तुमच्यापैकी ज्यांनी ग्लायडर पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: विमानच, पण बिनइंजिनाचं. माळाच्या दुसऱ्या टोकाला विंच असतो. आमचा विंच म्हणजे लष्करातून निवृत्त झालेल्या ट्रकचं इंजिन. ते लांबलचक तार भराभर गुंडाळतं, तारेला अडकवलेलं ग्लायडर पतंगासारखं वर चढतं, वर गेल्यावर वैमानिक तार सोडून देतो. पुढे तो आणि त्याचं नशीब. ते इंजिन कायम आजारी, म्हणून एका रविवारी मला बोलावलं. दुरुस्ती करायला गेलो आणि अकरा वर्षं विंचवर बसलो.

आबा मूळचे मावळातले शेतकरी घरातले, पण सारी नोकरी रेल्वेत, घाटातल्या गाड्यांवर ड्रायव्हर म्हणून गेली. निवृत्त झाल्यावर लोक देवधर्माला लागतात. आबा चालत माळावर आले आणि क्लबात उडायला शिकवणाऱ्या शिक्षकांना म्हणाले, "हितं म्हाताऱ्यास्नी शिकवत्यात का?" शिक्षक हसले. तीन महिन्यांनी त्यांचं हसू बंद झालं, कारण आबा एकटे वर जाऊ लागले होते.

मी पाहिले तेव्हा ते सत्तरीला टेकलेले. रेल्वेची जुनी खाकी पँट, आणि डोक्यावर पांढरी टोपी, वाऱ्यानं उडू नये म्हणून हनुवटीखाली सुतळीनं बांधलेली. आभाळसुद्धा त्यांना घाटच वाटायचं. ऊन तापलं की जमिनीवरची गरम हवा वर उठते. ती सापडली तर ग्लायडर चढतं, नाहीतर खाली येतं. बाकीचे त्याला इंग्रजी नाव द्यायचे. आबा म्हणायचे "चढ". "आज लय चढ हाय," किंवा मग तोंड वाकडं करून, "निस्ता उतार."

हवेचा अंदाज त्यांना कोण द्यायचं ठाऊक आहे? डोंगराखाली शेरडं चारणारी एक ठाकरीण. तिला सगळे मावशी म्हणत. आमचे सेक्रेटरी पुण्याहून हवामानाचे नकाशे आणायचे, ते टेबलावर पसरून रेघा ओढायचे. आबा ते सगळं अदबीनं ऐकून घ्यायचे आणि तडक मावशीकडे जायचे.

"मावशी, घारी कुटं हायत?"

"सकाळधरनं सोंडंवर फिरत्यात बगा."

घार पंख न हलवता गोल गोल चढते, ती याच हवेवर. आबा डोंगराच्या त्या सोंडेकडे जायचे आणि तास-दीड तास दिसायचे नाहीत. सेक्रेटरी रेघांकडे जाऊन दहा मिनिटांत परत यायचे.

कधी कधी चढ संपून आबा भलतीकडेच उतरायचे. एकदा उर्शाला कापणी झालेल्या रानात उतरले. ट्रेलर घेऊन आम्ही काळजीनं शोधत शोधत पोचलो. आबा बांधावर बसून भाकरी-ठेचा खात होते. शेजारी ग्लायडरच्या नाकाला हळदकुंकू लावलेलं, पुढ्यात नारळ फोडलेला. रानाचे मालक आम्हालाच दटावू लागले, "येवढ्या लवकर कशापायी आलात? म्हातारबा जेवत्यात की!"

आता मूळ गोष्टीकडे येतो. त्या वर्षी क्लबच्या कमिटीनं ठराव केला की पासष्टीच्या पुढच्या माणसाला एकट्यानं ग्लायडर द्यायचं नाही. सोबत शिक्षक पाहिजे. ठराव कुणासाठी होता हे सांगायला नको. पासष्टीपुढचे आबा एकटेच होते. सेक्रेटरी माणूस वाईट नव्हता. तिशीचा इंजिनियर, नियमाला धरून चालणारा. त्यानं एक फट ठेवली: ज्याच्याकडे सलग पाच तास उडल्याचा दाखला असेल त्याला सूट. असा दाखला क्लबात कुणाकडेच नव्हता. पावसाळा तोंडावर आला होता. पाऊस पडला की माळावर चिखल, मग दसऱ्यापर्यंत कुलूप, आणि दसऱ्यापासून ठराव लागू. हातात एक शनिवार आणि एक रविवार उरला होता.

आबांनी ठराव ऐकला आणि एवढंच म्हणाले, "सोबत शिक्षक बसला तर मी पाहुणा. मला पाहुणा म्हून जायाचं न्हाई."

पाच तासांचा पुरावा म्हणून ग्लायडरमध्ये एक पेटी ठेवत. आत घड्याळावर फिरणारं नळकांडं, त्यावर कापराच्या धुरानं काजळी धरलेला पत्रा. उंची बदलेल तशी सुई त्या काजळीवर रेघ ओढते. सेक्रेटरी लाखेचं सील लावायचे, म्हणजे लबाडी नको. किल्ली देणं, काजळी धरणं आणि बाहेरची खिट्टी सरकवून घड्याळ सुरू करणं हे काम माझं. आबा दर वेळी पेटी कानाला लावून टिकटिक ऐकायचे.

शनिवारी घारी अचानक उठल्या. आबा घाईनं आत बसले. पट्टे आवळताना म्हणाले, "पेटी चालू हाय का रं?"

"ऐकली मी. चालू आहे," मी म्हणालो.

मी ऐकली नव्हती. कापराची डबी आवरताना मी खिट्टी सरकवलीच नव्हती. हे मला आठवलं ते तासाभरानं, चहा पिताना. कप हातातच राहिला.

खाली बोलावण्याची खूण म्हणजे माळावर पांढरी चादर पसरायची. आत्ता बोलावलं तर पुन्हा वेळ मिळेल, असा विचार करून मी चादर पसरली. आबा खाली आले, आमच्या डोक्यावरून एक फेरी मारली, खिडकीतून हात बाहेर काढून हलवला आणि परत डोंगराकडे गेले. मग मी चार तास त्या चादरीच्या कडेला बसून होतो. आयुष्यात एवढा लांब दिवस मी पाहिला नाही.

आबा पाच तास दहा मिनिटांनी उतरले. तोंडभर हसू. मी जाऊन खिट्टीचं सांगितलं. खोटं बोललो तेही सांगितलं. सेक्रेटरींनी सील फोडलं; काळ्या पत्र्यावर एका जागी नुसती उभी रेघ, नळकांडं फिरलंच नव्हतं. त्यांनी मान हलवली. त्यांनाही वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं.

आबा पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघत होते. मला वाटलं, आता हे थोबाडीत देणार, आणि द्यावी असंही मला वाटत होतं.

"चादर दिसली मला," ते म्हणाले. "पर खाली समदी हुबी व्हती, कुणी आडवं न्हवतं. म्हनलं मग उतरायचं कशाला?" त्यांनी गुडघे चोळले. "उद्याच्याला लौकर ये. इंजन गरम करून ठेव."

एकाहत्तराव्या वर्षी सलग दुसऱ्या दिवशी पाच तास! आमच्यातल्या पंचविशीच्या पोरांची एका तासात कंबर धरायची.

रविवारी पेटी सगळ्यांनी कानाला लावली. आधी मी तीनदा, मग सेक्रेटरी, मग शिक्षक. मावशीनंही लावली आणि म्हणाली, "बोलतीया गं बया." साडेअकराला मी आबांना वर ओढलं.

दोन तास बरे गेले. मग ढगांनी ऊन झाकलं, वारा पडला. ग्लायडर खाली खाली येऊ लागलं, बेडशाच्या बाजूच्या झाडांमागे नुसतं शेपूट दिसू लागलं. शिक्षकांनी टोपी काढून हातात घेतली. माझा हात विंचच्या दांड्यावर गेला, जणू माझ्या ओढण्यानं ते तिथून वर येणार होतं. कुणी कुणाकडे बघेना.

मावशी एकटी दुसरीकडे बघत होती. "कातळावर घारी उठल्यात," ती म्हणाली. "त्यो दगुड लय येळ तापलेला ऱ्हातो. म्हातारबाला दिसंल."

म्हातारबाला दिसलं. झाडांमागून पंख निघाले, उघड्या कातळावर आले, तिथे एक गिरकी, दुसरी गिरकी. तिसऱ्या गिरकीला ग्लायडर घारींच्या पातळीवर होतं, आणि पाचव्या-सहाव्याला घारी खाली. मी नाचलो. सांगायला लाज कसली, शिक्षकांचे हात धरून नाचलो.

पाच तास भरले तेव्हा सेक्रेटरींनी घड्याळ वर करून ओरडून सांगितलं. आबांनी वर आणखी बावीस मिनिटं काढली. उतरल्यावर पाय इतके आखडले होते की त्यांना चौघांनी उचलून बाहेर काढावं लागलं. सील फुटलं. काजळीत डोंगरांची रांग असावी तशी लखलखीत पांढरी रेघ होती, मध्ये एक खोल दरी आणि पुन्हा चढण. सेक्रेटरींनी तिथेच, ग्लायडरच्या पंखावर कागद ठेवून दाखला लिहिला.

आबा त्यानंतर पाच वर्षं एकटे उडाले. मग एका हिवाळ्यात घरीच, झोपेत गेले. पण मला ते आठवतात ते त्या रविवारच्या उतरत्या उन्हातले.

दाखला हातात देऊन सेक्रेटरी घुटमळत उभे राहिले. म्हणाले, "आबा, आज कातळावर तुम्हाला जे सापडलं ते मला आठ वर्षांत सापडलेलं नाही. शिकवाल?"

"आत्ता?"

"ऊन आहे अजून."

आबांनी पायांकडे बघितलं, मग आभाळाकडे. "दोघांचं ग्लायडर काढा," म्हणाले.

सेक्रेटरी पुढच्या सीटवर बसले, शिकाऊ माणूस बसतो तिथे. मागे, शिक्षकाच्या जागी, आबा. मी दोघांना ओढलं, तार सुटली, आणि मी लगेच विंचचं इंजिन बंद केलं, वरचं ऐकू यावं म्हणून. ग्लायडरला आवाज नसतो. माणसं जवळ असली तर त्यांचं बोलणं खाली येतं. कातळावर त्यांनी पहिली गिरकी घेतली. मागच्या खिडकीतून आबांचा हात बाहेर आला, बोट दाखवू लागला. ग्लायडर चढायला लागलं आणि वरून लहान मुलासारखं खिदळणं ऐकू आलं. ते सेक्रेटरींचं होतं.