कानबाईची साडी आणि माझा शेरा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ऑफिसात नाही, आईला तर नाहीच. ऐकून कुणी म्हणेल, एवढंच? एवढंच आहे खरं. तरी तुम्हाला सांगते — तुम्ही विमलमावशीला ओळखत नाही, म्हणून जमेल.

आधी माझं काम सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. साड्या ऑनलाइन विकणाऱ्या सुरतेच्या एका कंपनीत मी बसते. गिऱ्हाईक मोबाइलवर काही शोधतं, त्याच्यासमोर माल येतो. हवा होता तोच आला का, यावर आम्ही शेरा द्यायचा — जुळतो, थोडा जुळतो, जुळत नाही. दिवसभर हेच. मग ते मोठं भाषा-मॉडेल आलं, भाषा समजणारं एआय. आता शेरा ते देतं, कारणही लिहितं, आम्ही फक्त तपासतो. दोघांचं पटलं नाही तर माणसाचा शेरा खरा धरायचा आणि त्यावरून मॉडेलला शिकवायचं, असा नियम. नियम चांगलाच आहे. माणूस खरं बोलत असेल तर.

विमलमावशी आमच्या नवागामच्या गल्लीतली — नवागाम म्हणजे सुरतेतलीच, लूमवर राबणाऱ्या खान्देशी लोकांची वस्ती. नात्याची नाही, पण आई लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, कामाला जायची तेव्हा मी तिच्याच घरी जेवायचे. मावशी कानबाईच्या साड्या शिवते. आम्हा खान्देशी लोकांकडे श्रावणात कानबाई बसते — नारळालाच नथ, डोळे, दागिने लावून देवी सजवायची. त्या नारळाला नेसवायची ही हातभर साडी, चुण्या घालून, काठ लावून तयार. ती ऑनलाइन टाकायचं डोकं माझंच. फोटो मीच काढले, तिच्या ओट्यावर. श्रावणाच्या आधी जळगाव-धुळ्याकडून मागण्या येऊ लागल्या, तशी मावशीने लोकांच्या साड्यांचे धागे कापायचं काम सोडलं. गल्लीभर सांगत सुटली, पोरीने मला दुकान काढून दिलं म्हणून.

आणि ऑफिसात मी — नाशिकची. खोदून कुणी विचारलं नव्हतं, मीच सांगितलं होतं. नवागाम म्हटलं की समोरच्याचा चेहरा जरा बदलतो. बदलतो, की मलाच तसं वाटतं? मला अजून नक्की माहीत नाही.

पुढच्या वर्षी एका मीटिंगमध्ये मोठ्या पडद्यावर शोध आला — कानबाईची साडी. खाली मावशीचा माल. मी काढलेला फोटो, कोपऱ्यात तिच्या ओट्याची फुटकी लादी. मॉडेलने लिहिलं होतं, जुळतो. खान्देशातल्या घरोघरी बसणाऱ्या देवीच्या नारळाचं वस्त्र. अगदी बरोबर. त्या यंत्राला ना गाव ना आई, तरी त्याला कानबाई ठाऊक होती. आमच्या टीमच्या मोठ्या हिरलबेन, त्यांना खात्री वाटेना. तू मराठी ना, म्हणून माझ्याकडे वळल्या — आ शुं छे?

काय अवघड होतं? आमच्या घरी बसते, एवढंच म्हणायचं होतं. पण मग नारळाला नथ कशी, तुम्ही मूळचे कुठले, राहता कुठे — ते सगळं मला त्या एसीच्या खोलीत नको होतं. मी म्हणाले, "बाहुलीचे कपडे आहेत. साडी शोधणाऱ्याला हे कशाला दाखवायचं?" वर हसले. हो, मीच आधी हसले, मग बाकीचे.

मॉडेलचं उत्तर चूक ठरलं. माझं उत्तर त्याला नमुना म्हणून दिलं गेलं — साडी शोधली की असले छोटे कपडे मागे टाकायचे. शिकवलं ते यंत्र इमानदारीने करतं. त्या वर्षी कानबाईची साडी शोधली की जॉर्जेटच्या मोठ्या साड्या यायच्या. मावशीचा माल इतका खाली, की तिथवर कुणी बोट सरकवत नाही. दुरुस्त करता आलं असतं का? आलं असतं की. हिरलबेनना जाऊन सांगायचं होतं, मी खोटं बोलले. मी गेले नाही.

श्रावण तोंडावर असताना मावशी घरी आली. शिवलेल्या साड्यांचा गठ्ठा पलंगाखाली तसाच पडलाय म्हणाली. "मन्हा माल आते दिखसच नही. तू तठेच शे ना, जरा देख ना बेटा."

"कंप्युटर ठरावस, मावशी," मी म्हणाले. "आमना हातमा काही नही."

तिला ते पटलं. माझं तिला सगळंच पटतं. चहा पिऊन गेली. ऑफिसातलं खोटं मी निदान घाबरून तरी बोलले होते. हे मी बसून, शांतपणे, घरच्या अहिराणीत बोलले, आणि मला याचीच जास्त लाज वाटते.

मावशी परत धागे कापायला लागली.

यंदाही आमच्याकडे कानबाई बसली. साडी मावशीनेच आणली, दरवर्षी आणते. नेसवताना चुण्या मला धरायला लावल्या. दर्शनाला आलेली शेजारची नवी सून ती साडी बघतच राहिली. मावशी, हे ऑनलाइन टाका ना, म्हणाली. मी तिथेच लाह्या-फुटाणे वाटत होते. मावशीने माझ्या पाठीवर हात ठेवला.

"कंप्युटर ठरावस बाई," तिने त्या सुनेला समजावलं. "ही पोर तठेच शे, पन तिना हातमा काही नही."

मी मावशीच्या ओंजळीत फुटाणे घातले आणि पुढच्या बाईकडे वळले.