एकशे चाळीस ग्रॅमच्या मुठी

हां, तर घंटीपाशी होतो आपण. सायकलची घंटी त्याने पाना लावून काढली, ओट्यावर मांडलेल्या काट्यावर ठेवली, काटा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून उभा राहिला आणि म्हणाला, "एकशे दहा ग्रॅम. हे एकशे दहा ग्रॅम मी रोज तेवीस किलोमीटर नेणार आणि तेवीस किलोमीटर परत आणणार. कशाला, भाऊजी?"

मी म्हटलं, "अरे, समोर माणूस आला तर?"

"ओरडेन. आवाजाला वजन नसतं."

हा माझा मेहुणा, बायकोचा सगळ्यात धाकटा भाऊ. वय छप्पन. तराजूच्या कारखान्यात चौतीस वर्षं काढलेला. नाव चांगलं भारदस्त आहे, पण कारखान्यात त्याला गुंज म्हणत आणि घरीही तेच चिकटलं. कारण गुंजेएवढा फरक त्याला नुसत्या हाताला कळायचा. थट्टा नाही. आमची लेक झाली तेव्हा दवाखान्यातल्या बाईंनी वजन सांगितलं. याने पोर दोन्ही हातांवर घेतली, जरा वरखाली केली आणि म्हणाला, "बाई, सव्वाशे ग्रॅम जास्त सांगताय. दुपट्यासकट मोजलंत." बाई चिडल्या. दुपटं सोडून पुन्हा मोजलं. सव्वाशेला तीन ग्रॅम कमी. मग याला वाईट वाटलं, त्या तीन ग्रॅमचं!

मी गावच्या शाळेत शिकलेला, मला दशांश चिन्हाची अजून धास्ती. याला त्या चिन्हापलीकडचे तीन आकडे घरच्या माणसांसारखे. औषधांच्या आणि सोन्याच्या दुकानातले लहान तराजू असतात ना, ते शेवटी याच्या टेबलावर यायचे. काम साधं. पारड्याखाली एक पोकळी असते, तिच्यात चिमट्याने शिशाचे बारीक कण घालायचे, दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या झाल्या की झाकण बसवायचं. पण चिमटा धरलेला हात हवेत कापतो. म्हणून ही माणसं करंगळी टेबलावर टेकवतात आणि तिच्या आधारावर बाकीचा हात चालवतात. ही करंगळीची गोष्ट लक्षात ठेवा.

त्याचं टेबल खिडकीपाशी होतं. शिकाऊ असल्यापासून त्याला तेच टेबल हवं होतं, आणि वीस वर्षांनी मिळालं. सरळ उजेड, वारा नाही, मागून कुणाची ये-जा नाही. बायकोवर जीव असतो तसा त्या टेबलावर जीव. त्याची बायको हे माझ्यासमोर म्हणाली आहे, आणि हसत नव्हती.

मग कारखाना गावाबाहेर गेला. वर्षभर कारखान्याची बस होती, पुढे तिच्यात चार डोकी उरली म्हणून बंद झाली. दुसऱ्या बसने जावं तर दोनदा बदलायची आणि पोचायला साडेआठ. फाटक आठला बंद. साहेबांनी सांगून ठेवलेलं की तीनदा टेबल रिकामं दिसलं तर माणूस गोदामात. घर हलवावं तर बायको इथल्या दवाखान्यात कपडे धुण्याच्या खात्यात, तिची नोकरी जाते. दोनदा टेबल रिकामं राहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी हा सायकल घेऊन दारात उभा.

जुनी, काळी, एकोणीस किलोची सायकल. पहिल्या दिवशी एक तास पंचावन्न मिनिटं लागली. पोचला तेव्हा फाटक लागतच होतं. पहारेकरी म्हणाला, "मास्तर, सायकल आली, तुम्ही मागून येताय का?"

दुसऱ्याने वेग वाढवला असता, पाय कमावले असते. पण हा तराजूवाला. याला वाटलं, गडबड वजनात आहे! झालं, त्या रविवारी सायकल सोलायला घेतली. मडगार्ड गेले. कॅरियर गेलं. स्टँड गेला, तेव्हापासून सायकल भिंतीला टेकून उभी राहते, मालकासारखी. स्प्रिंगची सीट काढून फळीसारखी अरुंद सीट बसवली. डब्याच्या चमच्याची दांडी निम्मी कापली. माझी बायको, म्हणजे त्याची ताई, हे सगळं बघत होती. ती म्हणाली, "चमचा कशाला कापतोस? त्यापेक्षा मिशा काढ की."

"मिशा चार ग्रॅम आहेत ताई," तो म्हणाला. म्हणजे याने तेही मोजलेलं!

आम्ही पोट धरून हसलो. त्याची बायको हसली, तोही हसला. त्या घरात मी इतकं हसणं त्यानंतर ऐकलं नाही.

शेवटी राहिल्या हँडलच्या रबरी मुठी. त्या घट्ट बसलेल्या, म्हणून सायकलच कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे नेली. तो पंक्चर काढत होता. मान वर करून म्हणाला, "मास्तर, त्या राहू द्या. त्या वजनासाठी नसतात."

"वजन आहे ना पण?"

"आहे, पण…"

"एकशे चाळीस ग्रॅम आहे. काढा."

सायकलवाल्याने काढल्या. मी शेजारीच उभा होतो. मलाही ते सगळं मजेचंच वाटत होतं, म्हणून मीही अडवलं नाही.

सायकल साडेतेरा किलोवर आली. वेळ एक तास अडतीस मिनिटांवर. पावणेआठला टेबलावर! तीन महिने तो अगदी खुशीत होता. येता-जाता सांगायचा, आज अमुक चढाला उतरलोच नाही, आज ट्रॅक्टर मागे टाकला. टेबल वाचलं होतं.

पण त्या रस्त्याचं एक आहे. कालव्याच्या पुलापर्यंत डांबर, पुढे अकरा किलोमीटर सिमेंटच्या लाद्या. दर दहा पावलांवर जोड. दर जोडाला खट्. सीटला स्प्रिंग नाही, हँडलला रबर नाही, तो खट् थेट लोखंडातून तळव्यात. जाताना अकरा किलोमीटर, येताना अकरा.

आधी करंगळीला मुंग्या यायच्या. मग करंगळी आणि शेजारचं बोट. दुपारपर्यंत जायच्या. मग संध्याकाळपर्यंत राहायला लागल्या. मग एक दिवस मुंग्याही थांबल्या आणि याला वाटलं, चला, बरं झालं. बरं झालं नव्हतं. त्या बोटांना काही कळेनासंच झालं होतं. त्याने कुणाला सांगितलं नाही. शर्टाची बटणं त्याची बायको लावू लागली, तिला म्हणाला, घाई असते.

आणि तराजू परत यायला लागले. एक आला, दोन आले, महिन्यात अकरा. सगळे याच्या टेबलावरचे, सगळे एकाच बाजूला हलके. याच्या टेबलावर मात्र काटा बरोबर मध्यावर. याने शिशाचे कण बदलले, चिमटा बदलला, खिडकी बंद करून पाहिली.

तपासणी खात्यात एक बाई आहेत. याच्याच हाताखाली शिकलेल्या. एक दिवस त्या याच्या टेबलामागे येऊन उभ्या राहिल्या. याने कण घातला, काटा मध्यावर आला, हा म्हणाला, "बघा, आहे का फरक?"

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "मास्तर, हात उचला."

"का?"

"उचला ना."

त्याने हात उचलला. काटा एका बाजूला गेला आणि तिथेच राहिला. करंगळी टेबलावर नव्हती, पारड्याच्या कडेवर टेकलेली होती. महिनाभर तो प्रत्येक तराजूत स्वतःच्या करंगळीचं वजन धरत होता आणि बोटाला पत्ता नव्हता.

बाईंनीच मला हे सांगितलं. म्हणाल्या, "काका, त्यांनी करंगळीकडे असं बघितलं, जसं काही ती दुसऱ्या कुणाची तरी आहे."

डॉक्टरांनी तळव्यातली नस दाबली गेल्याचं सांगितलं. सायकल बंद करा, कदाचित सुधारेल, कदाचित नाही. सायकल बंद केली तर फाटक बंद. फाटक बंद झालं तर निवृत्तीआधीची शेवटची दोन वर्षं गेली. ताई म्हणाली, "आमच्याकडे येऊन राहा." पण आमचं घर कारखान्यापासून आणखी चार किलोमीटर लांब. तोच म्हणाला, "ताई, तू माझं अंतर वाढवतेस."

टेबल गेलं. तीनदा रिकामं न राहताच गेलं. आता तो गोदामात असतो. मोठ्या काट्यावर खोकी चढवायची, भिंतीवर लाल आकडे उमटतात, ते वाचून पुकारायचे. हाताला काही कळावं लागत नाही. खिडकीचं टेबल दुसऱ्या कुणाला दिलं नाही, तिथे आता रिकाम्या डब्यांची चळत आहे. आणि त्या गोदामात पोचायला हा रोज तेच तेवीस किलोमीटर मारतो, तेच परत.

परवा मी सायकलवाल्याकडून नव्या मुठी घेतल्या. जाड, मऊ, स्पंजच्या. सायकलवाल्याने त्या कागदात गुंडाळून दिल्या. मेहुणा पायरीवर बसला होता, सायकल भिंतीला. मी मुठी त्याच्या उजव्या तळहातावर ठेवल्या. उशिराच आहेत हे मलाही कळत होतं. पण बोलायचं काय, म्हणून जुन्या सवयीने विचारलं, "सांग बघू, किती भरतात?"

त्याने डोळे मिटले. हात जरा वरखाली केला, पोरीला केला होता तसा. मग डोळे उघडून म्हणाला, "भाऊजी, अंगठा म्हणतो दीडशे. करंगळी म्हणते, हातात काहीच नाही. असा दोन वजनं सांगणारा काटा आम्ही कारखान्याबाहेर सोडत नव्हतो."