औंढ्याचं जावळ अन् तेलाच्या देशात अडकलेला मामा

मामा येवो न येवो, सोमवारी औंढ्याला जायचंच, असं मी फोनवर ठणकावून सांगितलं आणि फोन ठेवल्यावर माझं मलाच रडू आलं.

तुम्हाला आधी सगळं सांगते. माझा नातू शंभू, म्हणजे माझ्या संगीताचं पोरगं, त्याला तिसरं वर्ष सरायला आठ दिवस उरले होते. जावळ त्याच्या आत काढायचं असतं, आमचं औंढ्याच्या नागनाथापाशी. आमच्यात पोराला मामाच्या मांडीवर बसवतात आणि पहिली बट मामा कापतो. मामा म्हणजे माझा गजू. तो चार वर्षांपासून तिकडं आफ्रिकेत, पत्र्याचे डबे करायच्या कारखान्यात मशिनी सांभाळतो. त्या देशाचं नाव माझ्या तोंडात बसत नाही. तिथं जमिनीतून तेल निघतं, तेच विकून त्यांचं चालतं, म्हणून मी त्याला तेलाचा देश म्हणते. मी दुसरी पास. फोनपुढं बोलते, अक्षरं उमटतात, संगीता चुका काढते.

तर गजू म्हणाला, "आई, पगार हातात हाय, पण तिकीट मिळत न्हाई."

"काहून? विमानात जागा न्हाई का?"

"जागा हाय. पण विमानवाले डॉलर मागतात. इथल्या नोटा घेत न्हाईत."

"मग बँकेतून घे की डॉलर."

"बँक म्हणते, वरूनच आले न्हाईत. वर म्हणजे इथली रिझर्व्ह बँक. तेलाचा भाव पडला, डॉलर कमी आले, तिनं कुलूप लावलं. विमानवाल्यांनी आजवर विकलेल्या तिकिटांचे पैसे बी बाहेर जाऊ देत न्हाई. त्यांचेच पैसे अन् त्यांनाच न्हाई. मग ते म्हणतात, आता नोटा घ्यायच्याच कशाला?"

चोरून डॉलर मिळतो म्हणे, दुपटीच्या भावानं. मी म्हटलं, त्या फंदात पडू नको. त्यानं बँकेत अर्ज टाकून ठेवलाय, नंबर लागेल तेव्हा लागेल. पोराचं जावळ आणि त्यात डॉलरचा नंबर! आमच्या सात पिढ्यांत कुणी ऐकलं नसेल.

आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावातून सकाळी मी, संगीता आणि शंभूनं जीप धरली. जाणाऱ्यांसाठी सांगते, जीप वेळेवर सुटत नसते, भरल्यावर सुटते. "बस एक सीट, मावशी," असं म्हणत ड्रायव्हरनं पाऊण तास बसवलं. एकाच्या जागी चार सीटा आल्या, तरी त्याची ती एक सीट काही भरेना. माझ्या मांडीवर शंभू, शंभूच्या मांडीवर नारळाची पिशवी.

रस्त्यात ड्रायव्हरनं मामाची चौकशी केली. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तेलाचा देश म्हणता, मंग डिझेल तर पाण्यासारखं असंल तिथं?"

"कशाचं पाण्यासारखं! गजू पेट्रोलसाठी अर्धा अर्धा दिवस रांगेत उभा असतो. कच्चं तेल विकतात अन् पेट्रोल बाहेरून आणतात. त्याला बी डॉलरच लागतो."

"येडे हायेत का?"

मागं पोत्याला टेकून बसलेले एक काका बोलले, "येडे कशाचे? आपण हळद पोत्यानं हिंगोलीला घालतो अन् घरी येताना पुडी विकत आणतो, ते काय मंग?"

जीपभर हसू झालं. मी हसले नाही. माझ्या पिशवीत पूजेसाठी घेतलेली हळदीची पुडीच होती, आणि घरी कोपऱ्यात हळदीचं पोतं.

हिंगोलीला उतरून एसटी धरा, बायांना अर्धं तिकीट आहे. पण गाडी कुठं लागते ते तीन जणांना विचारा. मला एकानं या टोकाला पाठवलं, एकानं त्या टोकाला, आणि गाडी उभी होती मधोमध. चहा मात्र स्टँडबाहेरचा प्या, आत नुसतं गरम पाणी.

औंढ्याला दुपारी पोचलो. गुडघेवाल्यांनो, मागं माहूरचं लिहिलं तेव्हा तुम्ही विचारलं होतं, म्हणून सांगते. नागनाथाचा गाभारा खाली आहे, अरुंद जागेतून वाकून उतरावं लागतं. मी बसत बसत उतरले. मागून लोक, "आजी, सरका," पुढून लोक, "आजी, थांबा." देवापुढं पोचले तर मागायचं होतं शंभूचं आयुष्य आणि तोंडातून निघालं, "नागनाथा, तेवढं कुलूप काढ रे बाबा."

दुसऱ्या दिवशी सकाळी जावळ. शिरड शहापूरहून विहीणबाई पन्नास माणसं घेऊन आल्या होत्या. आल्या आल्या म्हणाल्या, "मामा न्हाई का आला? डॉलरची वाट बघता बघता पोराचं लगीन व्हायचं! माझ्या भाच्याला बसवा, मानलेला मामा."

भाचा बिचारा चांगला. पण मला पटेना. तिकडं रांगेत उभा असलेला खरा मामा, आणि इथं मानलेला?

न्हावीदादांनी वस्तरा काढला. "मामा कोण? बसा."

"मामाची आई हाय," मी म्हटलं आणि शंभूला घेऊन पाटावर बसले. "अन् दादा, कपाळावरची ही बोटभर बट ठेवा. ती मामा कापंल."

"आजी, असं अर्धवट डोकं घेऊन आजवर कुणी गेलं न्हाई इथून."

"आमी जातो."

विहीणबाईंनी तोंडाला पदर लावला. रागानं की हसू दाबायला, कुणास ठाऊक. शंभू रडला, नाचला, आणि तुळतुळीत डोक्यावर एक बट घेऊन उठला.

मग पंगत. कार्य कुणाचंही असो, कोठीची किल्ली माझ्याकडे देतात. सगळं सामान एका खोलीत, दाराला कुलूप आणि दारात मी. माझ्या हातून कधी काही कमी पडलं नाही, असं गावात म्हणतात. त्या दिवशी तूप मला कमी वाटलं. शेवटच्या पंगतीला उरावं म्हणून मी वाढप्याला वाटी वाटीनं देऊ लागले. झालं! कुणीतरी म्हणालं, तूप संपत आलं. लगेच जो तो दोन दोन द्रोण मांडून बसला. पोरांच्या नावानं, म्हाताऱ्यांच्या नावानं. ज्याला नको तोही मागू लागला. मग मी आणखी हात आखडला. तशी ओरड आणखी वाढली.

त्यात विहीणबाई आल्या. त्यांनी स्वतःच्या घरचा तुपाचा डबा आणून कोठीत ठेवला होता.

"माझा डबा द्या. देवाच्या निवदाला पायजे."

"पंगत उठंस्तोवर न्हाई."

"बाई, माझाच डबा अन् मलाच न्हाई?"

"शेवटची पंगत राहिली हाय ना!"

"बराबर हाय. पुढच्या खेपंला बघते, तुमच्या कोठीत कोण डबा ठेवतं ते!"

माझ्या हातात किल्ली होती ती तशीच राहिली. त्यांचेच पैसे अन् त्यांनाच न्हाई. गजूचेच शब्द. इतके दिवस मी ज्या बँकेला शिव्या देत होते, ती बँक इथं कोठीच्या दारात पदर खोचून बसली होती की!

मी उठले, कुलूप काढलं. विहीणबाईंचा डबा त्यांच्या हातात दिला. दार सताड उघडं ठेवलं आणि वाढप्याला म्हटलं, "सगळ्यांना दिसंल असं तुपाचं भगुणं बाहेर मांड." लोकांनी पाहिलं, भरलेलं आहे. दुसरे द्रोण आपोआप मागं सरले. विहीणबाई निवद दाखवून आल्या आणि उरलेला डबा स्वतःच परत कोठीत ठेवून गेल्या. शेवटची पंगत उठली तरी तूप उरलं.

गोरेगावला परतल्यावर गजूला फोनवर सांगितलं, "तुझ्या त्या बँकेच्या साहेबाला म्हण, दार उघडून बघ एकदा."

"आई, साहेब माझं ऐकतो व्हय! अन् तुझ्या कोठीत तूप तरी होतं, इथं भगुणंच अर्धं हाय. आमचा मालक बी बाहेरचा माणूस. नफा आपल्या देशात नेता येत न्हाई म्हणून त्यानं दुसरी शेड अर्धीच ठेवली. म्हणतो, आता नवा रुपया इथं घालणार न्हाई."

म्हणजे त्यानंही विहीणबाईंसारखंच म्हटलं. फरक एवढाच, त्याचा डबा अजून कुणी परत दिलेला नाही.

अर्धं भगुणं असलं तर काय करायचं, ते मला ठाऊक नाही. त्या साहेबाची काळजी मला कळली. त्याचं कुलूप मला अजून पटलेलं नाही.

तिसरं सरलं. गल्लीतली माणसं विचारतात, पोराच्या डोक्यावर हे काय? मी सांगून सांगून थकले. परवा आमच्या गावचा न्हावी ओट्यावर टेकला आणि नुसतं गमतीनं म्हणाला, "ये शंभू, कापून टाकू." पोरानं दोन्ही हातांनी कपाळ झाकलं आणि ओरडलं, "न्हाई! मामाचं हाय!"

गजूला ते फोनवर ऐकवलं. त्यानं पुन्हा एकदा ऐकवायला लावलं. मग म्हणाला, "आई, माझा नंबर येईस्तोवर ती बट डोळ्यांवर येईल. रबर लावून ठेव."

लाल रबर आणून लावलंय.