काठोकाठ भरलेली नळी

मंगलाबाई निकम यांनी नोकरीची पहिली अकरा वर्षे ओझरजवळच्या एका पॅकिंग शेडमध्ये द्राक्षे भरण्यात घालवली. पेटीत मोकळी जागा राहिली की घड हलतो, मणी गळतात आणि माल परत येतो; म्हणून पेटी गच्च भरायची, हा तिथला पहिला धडा.

२०१४ साली त्या नाशिकमधल्या आमच्या संस्थेत मदतनीस म्हणून लागल्या. द्राक्षबागांत राबणाऱ्या बायकांच्या रक्ताचे नमुने तेव्हा गोळा होत होते. रक्तातला पाणीदार भाग, म्हणजे सीरम, प्लॅस्टिकच्या छोट्या नळ्यांत भरून उणे ऐंशी अंशांत ठेवायचा होता. संस्थेच्या समितीने दाबून बसवायच्या झाकणाच्या नळ्या निवडल्या. त्या किती भरायच्या, हे कुठल्याही कागदावर नाही. मी सगळे कागद पाहिले आहेत. मंगलाबाईंनी त्या काठोकाठ भरल्या.

त्यांतली एक त्यांच्या थोरल्या बहिणीची, नवसाबाईंची होती. "फुकट तपासणी हाय, चल," असे सांगून मंगलाबाईंनीच तिला वणीहून आणले होते. तपासणी झालीच नाही. नमुने पुढच्या अभ्यासासाठी नुसते गोठवायचे होते. पाच वर्षांनी नवसाबाई मूत्रपिंडाच्या विकाराने गेल्या.

गेल्या वर्षी नव्या संकलनासाठी नळी निवडण्याचे काम माझ्याकडे आले. तीन प्रकारच्या नळ्या आणल्या, काही काठोकाठ भरल्या, काही पाऊण. पाणी भरून गोठवायचे आणि दर महिन्याला वजन करायचे. वजने मंगलाबाई करत. आठव्या महिन्यात त्या एका ओळीपाशी थांबल्या.

"मॅडम, ही वळ हलकी का लागती?"

"दाबाची झाकणं आहेत आणि पूर्ण भरलेल्या. गोठताना पाणी फुगतं, झाकण किंचित उचलतं. मग फटीतून बर्फ हळूहळू उडून जातो."

"मावशी, तुमच्या द्राक्षाच्या पेट्या परवडल्या," आमचा तंत्रज्ञ राकेश म्हणाला. "त्यातलं गेलेलं निदान डोळ्यांना तरी दिसतं."

मंगलाबाई हसल्या नाहीत. "आपल्या जुन्या नळ्या अशाच हायेत ना?"

मग त्यांनी एकच गोष्ट मागितली. बहिणीची नळी तपासा. "तव्हाच दुखणं व्हतं का, येवढंच पाह्यचंय. आसंल, तर मी तिला आणली, रक्त काढून घेतलं अन् तशीच परत धाडली."

नवसाबाईंचा मुलगा दीपक याची लेखी संमती आणि समितीची परवानगी मिळण्यात दोन महिने गेले. अहवाल आला: मूत्रपिंड बिघडले की रक्तात वाढणारे क्रिएटिनिन मर्यादेच्या जवळपास दुप्पट.

"म्हंजी व्हतं," मंगलाबाई म्हणाल्या.

तपासणीआधी मी ती नळी तोलली होती. त्याच खोक्यातली एक रिकामी नळी सापडली. तीही तोलली, पाण्याने काठोकाठ भरून पुन्हा तोलली. "मावशी, यातलं निम्मं पाणी उडालंय. पाणी निम्मं झालं की आकडा दुप्पट होतो. तेवढं वजा केलं तर तो मर्यादेवरच येतो."

"म्हंजी नव्हतं?"

"तेही सांगता येत नाही. सुरुवातीचं वजन कोणी लिहिलेलं नाही. माझा हिशेब अंदाजाचा आहे."

त्यांनी अहवाल माझ्यापुढे सरकवला. "मंग या कागदाचं मी काय करू?"



नव्या संकलनासाठी मी फिरवून बसवायच्या आट्यांच्या झाकणाची, रबरी कडी असलेली नळी निवडली आणि पाऊण उंचीवर भरण्याची रेघ ठरवून दिली. नवसाबाईंच्या नोंदीत लिहिले: निष्कर्ष काढता येत नाही, झाकण सैल, नमुना आटलेला. मंगलाबाईंनी ते मोठ्याने वाचायला लावले.

"कोणी भरली ते लिहा."

"गरज नाही. तुम्हाला किती भरायचं ते कोणी सांगितलंच नव्हतं."

"लिहा. एरवी सगळं लिहिता तुम्ही."

मी त्यांचे नाव लिहिले. त्याखाली, सूचना दिली गेली नव्हती, हेही लिहिले. नळी निवडणाऱ्याचे नाव शोधले. जुन्या इतिवृत्तात फक्त 'समिती' आहे.

त्या दुपारी मंगलाबाई नव्या नळ्या भरायला बसल्या. प्रत्येक नळी रेघेपर्यंत भरून, खिडकीच्या उजेडाला धरून त्या पाहत होत्या. वरच्या रिकाम्या जागेवर त्यांचा अंगठा टेकलेला होता.