ढिगाचा वरचा थर

मी आज व्हिडिओ गेम बनवतो, ते माझ्या आत्यामुळे. ती पांढुर्ण्याच्या बसस्टँडजवळ संत्री विकते. मोहगावहून शिकायला मी तिच्याकडे आलो आणि घराण्यातला पहिला पदवीधर होऊन तिच्याच दारातून बाहेर पडलो.

पुण्याच्या एका कंपनीने नोकरीआधी छोटा गेम बनवून मागितला होता. मी संत्र्यांचा बाजार निवडला. पण माझा कम्प्युटर सौंसरच्या एका शाळेने काढून टाकलेला. प्रत्येक संत्रं वेगळं, घरंगळणारं, असा ढीग रचला की कम्प्युटर अडकून बसे. मुदत संपत आली होती. आत्या दुपारी जेवायला आली तेव्हा मी म्हणालो, "जाऊ दे आत्या. यासाठी ताकदीचा कम्प्युटर लागते. नोकरी गेली समज."

तिने घास हातात धरूनच पडद्याकडे पाहिलं.

"हे खालचे संत्रे कोणाले दिसून राहिले?"

"कोणालेच नाही. पण ढिगात आहेत ना!"

"अरे बयताडा, ढीग वरूनच दिसते. म्हणून तं आम्ही चांगले वर लावतो."

"अन् गिऱ्हाईक फसते?"

"फसते काय! कोपरापर्यंत हात घालते अन् तळचा काढून पाहते. आपल्या इकडचं गिऱ्हाईक हाय ते."

मी त्याच दुपारी ढीग काढून टाकला. फक्त वरचा थर ठेवला. खेळणाऱ्याने आत हात घातला की कम्प्युटर तेवढं एकच संत्रं तयार करी: गोड, आंबट, नाहीतर सडकं. तो आता अडकेना. पहिला डाव आत्यानेच खेळला. सडकं निघालं तशी ती पडद्यावर ओरडली, "हा भाव नाही जमत, भाऊ!"

गेम पाठवला आणि नोकरी लागली. फोनवर बसस्टँडच्या गोंगाटात तिला नीट ऐकू येत नाही, म्हणून पुण्याहून पत्र टाकलं:

"आत्या, पाया पडतो. इथं मले मोठा कम्प्युटर भेटला. पहिल्याच दिवशी त्यात अख्खा ढीग रचून पाह्यला. कम्प्युटर अडकला नाही, ढीग दिसलाही मस्त. पण हात घातला की संत्रे घरंगळते अन् तळचं सगळं उघडं पडते. मजाच गेली. मंग पुन्हा वरचाच थर ठेवला. कंपनीतले सर इचारत होते, हे कुठं शिकला? सांगतलं, बसस्टँडवर. दिवाळीत येतो. वरचे गिऱ्हाइकाले दे, माझ्यासाठी तळचे ठेव."