सैल वेणी

सोमवारी जिनिंगचा भोंगा वाजला नाही. फाटकाला कुलूप होतं. आमच्या भिंतीपलीकडे राहणाऱ्या काकूनं कामावर जायचा रुमाल डोक्याला बांधला आणि ती दारात उभी राहिली.

दारव्ह्यात आमची गल्ली जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढून कापसाची रुई करणाऱ्या कारखान्याच्या, मागच्या भिंतीला लागून होती. घरोघरी घड्याळं होती, पण त्यांच्याकडे कोणी पाहत नसे. भोंगा झाला की डबे भरायचे, भोंगा झाला की पोरं शाळेत पाठवायची. त्या दिवशी मी स्वतः शाळेत शिकवायला उशिरा पोचले. भोंग्याची वाट पाहत पुस्तक वाचत बसले होते.

"वाजन आता," काकू सकाळी म्हणाली. दुपारीही तेच म्हणाली. संध्याकाळी फाटकापर्यंत जाऊन कुलूप पाहून आली.

कपाशीची ती वाईट वर्षं होती. फाटकासमोरची गाड्यांची रांग दर हंगामात थोडी आखूड होत गेली आणि एका हंगामात लागलीच नाही.

जिनिंगमधून सुटणाऱ्या बायका तुम्हीही पाहिल्या असतील. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, लुगड्यावर रुईचे तंतू, आणि केसांत रुई जाऊ नये म्हणून कपाळावरून आवळून बांधलेला रुमाल. काकूच्या रुमालामागे मात्र बाकीच्यांपेक्षा मोठा अंबाडा दिसायचा. चांगला कवठाएवढा. तिचे केस कमरेच्या खाली आहेत असं गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. ते मोकळे पाहिलेलं मात्र कोणी नव्हतं. जिनिंग बंद पडल्यावर रुई उडायची थांबली, तरी रुमाल सुटला नाही. केसांना दृष्ट लागू नये म्हणून बांधते, असं शेजारच्या आजी सांगायच्या.

काकूला बसता येत नसे. चहा उभ्यानं प्यायची, बोलताना उंबऱ्यावर एक पाय आत, एक बाहेर. काम गेल्यावर तर तिनं आधी स्वतःचं अंगण झाडलं, मग आमचं, मग रस्ता. मुलगा यवतमाळला, लोहाऱ्याच्या एका कारखान्यात होता. तो फोनवर म्हणायचा, "मा, इकडं ये." ती म्हणायची, "येतो ना बाप्पा. पण भोंगा वाजला तं?"

ती एका जागी बसायची फक्त कुणाची वेणी घालताना. संध्याकाळ झाली की लाकडी फणी कमरेला खोचून निघायची आणि ज्या दारात पोरगी दिसेल तिथं फतकल मारायची. "ये व, बस. डोस्क्यात चिमण्यानं घर बांधलं का?" पोरगी पळायच्या आत तिच्या गुडघ्यांमध्ये धरली जायची.

त्याच वर्षी माझ्या मुलीला, मीनलला, टायफॉइड झाला. ती सहावीत होती. ताप गेला, अंग भरू लागलं, सगळं ठीक झालं असं वाटलं आणि दोन-अडीच महिन्यांनी तिचे केस गळू लागले. उशीवर केस, ताटात केस. हात फिरवला की मुठीत झुबका. डॉक्टर म्हणाले, "अशा तापानंतर होतं असं. परत येतील. धीर धरा."

मीनलनं डोक्याला ओढणी बांधली आणि शाळेत जायचं बंद केलं. दिवसभर आरशापुढे. केसांना हात लावायची, हातात काय आलं ते पाहायची, पुन्हा लावायची. मला दुसरं काही सुचेना, मी तिला पुस्तकं दिली. ती गळलेले केस पानांत ठेवू लागली. वार्षिक परीक्षा जवळ येत होती. शाळेचं नाव काढलं की ती आतल्या खोलीत जाऊन कडी लावायची. अशीच राहिली तर वर्ष जाईल, आणि वर्षापेक्षा जास्त काहीतरी जाईल, अशी मला भीती वाटत होती.

काकू एका दुपारी सरळ आतल्या खोलीत गेली.

"डोस्कं दाखव."

"नाही."

"मी का उवा पाहून राह्यली? दाखव."

ओढणी सुटली. काकूनं बराच वेळ पाहिलं. मग मीनलचं बोट धरून तिच्याच डोक्यावर फिरवलं. "हे पाय, टोचते का नाई? बारीक बारीक फुटून राह्यले. गेलते ते येते वापस."

"डॉक्टरही तेच म्हणाले," मी म्हटलं.

"मंग बराबर सांगतलं त्यानं. पण तवरिक पोट्टीनं काय कराव, ते सांगतलं का?"

ते कुणीच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून काकू रोज येऊ लागली. तिचं शास्त्र काही मोठं नव्हतं. तेल थोडंच, कोमट, आणि बोटांच्या पेरांनी. मी भसाभस ओतायची तर म्हणायची, "डोस्क्याले लावाव बाई, उशीले नाई." फणी खालून वर. आधी टोकांचा गुंता, मग त्याच्या वरचा, मग मुळापासून. "गुंता असते खाली आन तुमी वढता वरून. मंग तुटन नाई तं काय होईन?" शिकेकाई आठवड्यातून दोनदा, पाणी अंगाला सोसेल इतकंच. "चहाचं आधण कायले वततं तिच्या डोस्क्यावर?" ओले केस झटकायचे नाहीत, घासायचे नाहीत, जुन्या सुती लुगड्यात टिपून घ्यायचे. झोपताना सैल वेणी. आणि जेवण. मीनलला जवसाची चटणी आवडत नसे. काकू ती भाकरीत दडवून आणायची आणि समोर उभी राहायची. "खाय. केस का हवेवर वाढते?" डाळ, शेंगदाणे, अंबाडीची भाजी, उकडलेलं अंडं. असं सगळं पोटात गेल्याशिवाय ती फणीला हात लावत नसे.

टोकं कापायची ती मात्र चंद्र वाढता असतानाच. "चंद्र वाढते तसे केस वाढते." मी म्हटलं, काकू, चंद्राचा आणि केसांचा काही संबंध नाही.

"नसन. पण कापाची याद तं राह्यते."

मीनलला धीर नव्हता. रोज विचारायची, "वाढले का?" काकू तिच्या डोक्यावर टिचकी मारायची. "पेरलं का रोज उकरून पाह्यतं का व? बह्याड कुठची." हे सांगणारी काकू तेवढ्यात दोनदा उठून फाटकाकडे पाहून आलेली असायची. रस्त्यानं ट्रक गेला तरी तिचा हात थांबायचा. मग फणी पुन्हा हळूहळू खालून वर.

एकदा मीनल म्हणाली, "तुमचे केस दाखवा ना, काकू."

काकूनं रुमालाची गाठ चाचपली. "तू शाळेत जाय. तुही वेणी खांद्याखाली आली का मी माहा रुमाल सोडीन. तुयाच समोर."

परीक्षेच्या आधी मीनल शाळेत गेली. ओढणी बांधून गेली, पण गेली. पुढच्या वर्षी केस मानेपर्यंत आले, ओढणी सुटली, आणि नवीनच भानगड उभी राहिली. आमच्या शाळेत नियम होता. दोन वेण्या, घट्ट, दुमडून, लाल रिबिनीनं बांधलेल्या. पहिल्याच आठवड्यात मीनल कपाळाच्या कडा चोळत घरी आली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत काकू शाळेत हजर. मी शिक्षकांच्या खोलीत होते, भिंतीपलीकडून सगळं ऐकू येत होतं.

"ह्या वेण्या हाये का दोऱ्या, बाई?"

"नियम आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "आणि घट्ट बांधले की केस लांब होतात."

"वढून लांब व्हाले केस का चिंगम हाये? पाहा ह्या पोरीयकडं. केस नाई वाढून राह्यले, कपाळ वाढून राह्यलं."

मग मोठ्या बाईंचा आवाज जरा बदललेला आला. त्या स्वतः विद्यार्थिनी असल्यापासून घट्ट अंबाडा घालत होत्या. त्यांनी मीनलला एका सैल वेणीची सवलत दिली, आजारपणाच्या कारणानं. पुढच्या सत्रात अर्धा वर्ग आजारी होता.

मीनलची वेणी खांद्याला टेकली तेव्हा ती आठवीत होती. ती धावत काकूकडे गेली. काकूनं वेणी हातात घेऊन वजन केल्यासारखी पाहिली. "खांदा कुठं हाये हा? हा तं गळा हाये." दोन महिन्यांनी पुन्हा. "खाली म्हणतलं मी. खाली म्हंजे चांगली खाली." पुढं कंबर ठरली. मीनल चिडली, मग हसली. तिला वाटलं, काकू खेळवतेय. मलाही तसंच वाटलं. पण त्यानंतर काकू वेणी घालताना तिच्या मागे बसेनाशी झाली, मीनलचा हात रुमालापर्यंत पोचू नये अशी उभ्यानंच घालायची. उभं राहून दम लागायचा, खोकला यायचा. तो रुईचा खोकला जुनाच होता. आम्ही सगळे त्याला भिंतीपलीकडून ऐकत आलो होतो.

मीनल नववीत असताना, थंडीत, तो खोकला थांबेना. मुलगा आला आणि तिला यवतमाळच्या दवाखान्यात घेऊन गेला. जीपमध्ये बसताना तिनं मीनलला खिडकीशी बोलावलं आणि कमरेची फणी दिली. "ठेवजो. आल्यावर घेतो." मीनलनं विचारलं, "आणि रुमाल?" "तो पण," काकू म्हणाली. "आल्यावर."

चौथ्या दिवशी तिला आणलं.

शेवटची आंघोळ घालायला शेजारच्या आजी आणि मी होतो, मागोमाग मीनल आली. मी तिला जा म्हटलं, ती गेली नाही. लुगड्यांचा आडोसा केला. आजींनी रुमालाची गाठ सोडली.

अंबाडा आजींच्या हातात आला. काळ्या कापडात शिवलेली रुई होती ती. कवठाएवढी. तिच्यावर काकूचे स्वतःचे गळलेले केस नीट गुंडाळलेले. डोक्यावर होते ते केस थोडे, पांढरे, मानेपर्यंत. आणि कपाळाच्या वर, जिथं रुमालाची कड इतकी वर्षं आवळलेली होती, तिथं बोटभर पट्ट्यात काहीच नव्हतं. कातडी गुळगुळीत होती, चमकत होती.

आजींनी मान फिरवली. मला मोठ्या बाईंच्या खोलीतलं सगळं बोलणं आठवलं.

मीनल फणी घेऊन आली. तेल कोमट करून आणलं. त्या थोड्या केसांत गुंता नव्हताच, तरी तिनं टोकांपासून सुरुवात केली. बाहेरून कुणी म्हणालं, आटपा, उशीर होतोय. तिनं ऐकलं नाही. केस टिपून झाले, भांग पाडून झाला. मग तिनं रुईचा अंबाडा उचलला आणि होता तिथं मागे बसवला.

आजी रुमाल घेऊन पुढं झाल्या. सवयीनं त्यांनी कपाळावरून ओढला.

"सैल बांधा," मीनल म्हणाली.

बाहेर नेलं तेव्हा गल्लीतल्या बायका म्हणाल्या, काय केस होते बाईचे. आम्ही तिघी गप्प राहिलो. म्हणूनच इथं तिचं नाव लिहिलेलं नाही.

हे लिहिताना मी चार वेळा उठले, दोनदा विनाकारण दारापर्यंत जाऊन आले. मला वाचायला बसवत नाही आताशा. जिनिंगच्या जागी पत्र्याची गोदामं आहेत, भोंगा नाही. मीनल नागपूरला शिकते. तिची वेणी कमरेपर्यंत आलीय.

फणी तिच्याकडे आहे.